उकंडरावांची गाठ

उकंडराव वाशीमला डॉक्टर शिरपूरकरांच्या दवाखान्यात पहिल्यांदा शिरले तेव्हा दाराची चौकट त्यांच्या खांद्यांबरोबर आत आली, असं भाऊसिंग कंपाउंडर आयुष्यभर सांगत राहिला. बाकावरचे चार रोगी त्यांना नुसतं पाहूनच बरे झाले आणि औषध न घेता घरी गेले. डॉक्टर मात्र इतके ठेंगणे होते की ते खुर्चीत बसले म्हणजे टेबलावर कोणीतरी चष्मा विसरून गेल्यासारखं वाटे. उकंडरावांनी त्या चष्म्याकडे पाहिलं आणि विचारलं, "थोरले डाक्तर कुठी हायेत?"

"मीच थोरला," चष्मा म्हणाला. "वाढायचं तेवढं राहून गेलं. बोला, काय होतंय?"

उकंडरावांनी आढ्याकडे पाहिलं, भाऊसिंगाकडे पाहिलं. "घोटा दुखते."

डॉक्टरांनी घोटा दाबला. "इथे?"

"थोडं वरतं."

डॉक्टर गुडघ्यापर्यंत आले. "इथे?"

"अजून थोडं वरतं."

पडद्यापलीकडे बसलेल्या त्यांच्या बायकोला, सोजरबाईंना, राहवलं नाही. "अवं, सांगून टाका ना आता! डाक्तरसायब चढता चढता थकून जातीन!"

उकंडरावांनी पहिल्यापासूनचं सगळं सांगितलं. सांगताना तो एवढा मोठा माणूस टेबलाइतका लहान झाला.

हे दुसरं महायुद्ध पेटायच्या आदल्या वर्षीचं. उकंडराव रिठदचे. थोडी शेती होती, पण पंचक्रोशीत नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. ते गोऱ्हे बडवत. गोऱ्हा अंगात आला, माज चढून कुंपणं मोडायला लागला, की औताला जुंपण्याआधी त्याचं अंड ठेचून त्याचा बैल करायचा. हे काम रिठदपासून केनवडपर्यंत उकंडरावांसारखं कोणी करत नसे. त्यांचा हात झटपट होता, जनावराला फार वेळ भोगावं लागत नसे. तरीही लोक त्यांना गोऱ्ह्याच्या दिवशीच बोलावत. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राही, आणि नवरदेव तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राही.

आषाढात आंघोळ करताना त्यांच्या हाताला गाठ लागली. डावीकडे, आतल्या आत, टणक. दुखत नव्हती. पण उजवी बाजू त्यांची जन्मापासूनच रिकामी होती. हे त्यांच्या आईला, गोजराबाईंना, माहीत होतं आणि लग्नानंतर सोजरबाईंना. लग्नाला सहा वर्षं झाली होती, घरात पाळणा नव्हता. सगळी आशा त्या एका बाजूवर होती, आणि तिथेच हे उगवलं होतं.

"मुक्या जनावराचा तळतळाट हाय, बापू," गोजराबाई म्हणाल्या. "दुसरं काय असन?"

उकंडरावांना ते एकदम पटलं. ज्यांचं जे घेतलं, तेच ते आता आपल्याकडून मागताहेत. त्यांनी काम बंद केलं आणि बैलांची माफी मागायला निघाले. पोळ्याच्या दिवशी टोपलीत पुरणपोळ्या घेऊन ते रिठदच्या प्रत्येक बैलापुढे वाकले. कानाशी लागून पुटपुटले. बैलांनी पोळ्या खाल्ल्या आणि मनातलं काही सांगितलं नाही.

"उकंडराव," मारोतराव पाटील ओट्यावरून ओरडले, "थे म्हैस हाय! तिले कायले हात जोडता?"

"असू द्या, पाटील. नात्यातली हाय."

मग केनवडची पाळी. मग मधल्या वाड्यावस्त्या. एका बैलाने पोळीबरोबर उपरण्याचं टोकही खाल्लं, तर उकंडरावांनी तो होकार समजून उरलेलं उपरणंही त्याच्यापुढे धरलं. असं करत करत संक्रांत आली. गाठ होती तिथेच होती.

"बैलायनं माफ केलं असतं तर आतापावतर गाठ गेली असती," सोजरबाई म्हणाल्या. "चाला आता डाक्तरकडं."

डॉक्टरांनी खिडक्या लावून घेतल्या, खोली अंधारी केली आणि गाठीमागे बॅटरी धरली. अंडवृद्धीत पाणी असलं म्हणजे उजेड आरपार येतो, लालसर दिसतो. इथे उजेड आलाच नाही. डॉक्टरांनी बॅटरी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली आणि मग खिडकी उघडली. त्यांचा आवाज बदलला होता.

"गाठ भरीव आहे. अशा भरीव गाठी बहुतेक वाईट निघतात. पोटात चढतात, छातीत जातात, माणूस नेतात. म्हणून रीत अशी, की अंडासकट काढून टाकायची."

उकंडरावांनी उघड्या खिडकीकडे पाहिलं. "म्हंजे मले बडवता?"

भाऊसिंगाला हसू येणार होतं, ते आलं नाही.

"गाठ पहिल्यांदा लागली तेव्हा केवढी होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुपारीएवढी."

"आणि आता?"

"सुपारीएवढीच."

"सगळे असंच म्हणतात."

"खरं हाय, डाक्तरसायब," पडद्यामागून सोजरबाई म्हणाल्या. "मी रोज हयदीचा लेप लावून देतो. वाढली असती तर मले समजलं असतं."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. बैलांच्या मागे घालवलेले ते महिने, ज्यांच्याबद्दल ते रागावणारच होते, तेच आता साक्षीला आले होते. वाईट गाठ आषाढापासून संक्रांतीपर्यंत अशी मुकाट बसत नाही.

"एक दुर्मीळ गाठ असते," ते म्हणाले. "आईच्या पोटात असतानाच कातडीचा कण आत अडकतो आणि आतल्या आत पापुद्रे टाकत बसतो. निरुपद्रवी असते. मी पुस्तकात वाचली आहे, पाहिलेली नाही. मी वरची नस बांधून उघडून पाहीन. गाठ पांढरी आणि सुटी निघाली तर तेवढीच काढीन. नाहीतर सगळं काढावं लागेल. तेव्हा तुम्ही बेशुद्ध असाल. म्हणून आत्ताच सांगा."

उकंडरावांना वाटलं, इतक्या गोऱ्ह्यांना आपण कधी विचारलं नाही, आणि हा माणूस विचारतो आहे. विचारल्याने सोपं होत नव्हतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"मले माणूस पायजे," पडदा म्हणाला. "लेकरू नाई झालं तं नाई झालं."

तो आवाज खोटं बोलत होता, हे उकंडरावांना कळलं. त्यांनी मान हलवली. "करा."

क्लोरोफॉर्मच्या गोड वासात ते बुडाले. जागे झाले तेव्हा डॉक्टर शेजारी स्टुलावर उभे होते, हातात तामचिनीचं भांडं.

"बघा!"

भांड्यात पांढरं, मोत्यासारखं काहीतरी होतं, मधोमध कापलेलं. आत कांद्यासारखे पापुद्रे आणि वाळल्या चक्क्यासारखा भुगा.

"सोलून अख्खी बाहेर आली. तुमचं अंड जागच्या जागी आहे, उकंडराव."

उकंडराव मोठ्याने रडायला लागले.

"हळू," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "टाके तुटतील."

सोजरबाई पडद्याबाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सावरायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांनी भांड्यात पाहिलं नाही. नवऱ्याचा पाय हातात धरून बसल्या.

उकंडराव पुढे बावीस वर्षं जगले. गाठ पुन्हा आली नाही. मूल झालं नाही.