अलार्म वाजला तो माझ्या घरी

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते खुसपटं काढायला. बायको अगदी मन लावून वाचते आणि मी शेजारी बसून बडबडतो... मांजर असेल, वारा असेल, तो माणूस प्यायला असेल. माझं कामच तसं आहे. गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. 'साहेब, मशीन आपोआप बंद पडली' असं कोणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. आपोआप काही होत नसतं, कुठेतरी वायर सुटलेली असते आणि ती सापडेपर्यंत शोधायची असते. भूत, भानामती, बाहेरची हवा यांच्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. आणि 'हवा' या शब्दावर तर माझा फारच राग आहे. का, ते सांगतो.

आमचं गाव सावली तालुक्यात. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, एका अंगाला तलाव, तलावाच्या पाळीवर चिंच. माझी मोठी बहीण मंदाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी कॉलेजात होतो. थंडीचे दिवस होते. आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात लहान, सगळ्यात मागची खोली. खिडकीत पोतं कोंबायचं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, वर ओव्याची धुरी. बाळंतिणीला हवा लागू नये म्हणून ही सगळी धडपड.

त्या सकाळी दाईने बाळाला तेल लावायला अंगणात उन्हात आणलं. ताईला जरा झोप लागू दे म्हणून आईने शेगडी नव्याने भरली आणि दार ओढून घेतलं. बाळाची आंघोळ झाली, दाई त्याला घेऊन परत आत गेली, तर ताई उठेना. गाल छान लाल दिसत होते. गाढ झोपल्यासारखीच वाटत होती हो ती...

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतलं. मी मागेच उभा होतो. खोली बंद होती का, शेगडी होती का, एवढंच त्यांनी विचारलं. कोळशाचा गॅस, म्हणाले. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो.

परत येताना बाबांनी माझा हात धरला.

"तुह्या मायले हे सांगशील नोको. पोरगी त गेली. आता तिले नोको मारू."

गावाने आपलं कारण तयार ठेवलंच होतं. तलावाकडची हवा लागली, चिंचेखालून कोणीतरी मागे आलं. आईने तेच धरून ठेवलं. आम्ही धरू दिलं. मला मात्र 'हवा' शब्द ऐकला की ओरडावंसं वाटायचं. अरे, बाहेरची हवा लागली असती तर वाचली असती ती!

ताईची ती तान्ही मुलगी म्हणजे पल्लवी. भाऊजींनी दुसरं लग्न केलं आणि पल्लवी माझ्या आईच्याच पदराखाली वाढली. आईने तिला इतकं जपलं की आम्ही चिडवायचो, हिला शाळेतसुद्धा पदराला बांधून नेशील. पुढे बाबाही गेले. डॉक्टरांचं ते वाक्य माहीत असलेला घरात मी एकटाच उरलो.

गेल्या हिवाळ्यात पल्लवी बाळंत झाली. सरकारी दवाखान्यात, सगळं व्यवस्थित. मुलगा झाला. आणि विश्रांतीला आली ती आजीकडेच, त्याच घरात, त्याच मागच्या खोलीत.

मी तिला बघायला निघालो ते दोन अलार्म मागवून. कार्बन मोनॉक्साइडचे, भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचे. पांढरे, साबणाच्या डबीएवढे, पुढे हिरवा दिवा. कारखान्यात आम्ही असले डिटेक्टर वापरतोच, पण घरात लावता येतात हे आपल्याकडे कोणाच्या डोक्यात येत नाही. एक आमच्या क्वार्टरमध्ये बाथरूमच्या बाहेर लावला, कारण बायकोने हौसेने गॅस गीझर बसवून घेतलाय. दुसरा पल्लवीसाठी नेला.

खोलीत एकच सॉकेट होतं, बाजेच्या उशाशी. जागा तशी चांगली होती. पडद्याआड नाही, कपाटामागे नाही, झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या जवळ, आणि शेगडीच्या अगदी डोक्यावरही नाही. लाइट जाते म्हणून आत बॅटरी घातली. टेस्टचं बटण दाबलं तसा तो किंचाळला. बाळ दचकून रडायला लागलं आणि आई माझ्यावर धावून आली.

"लेकरू भेलं ना! काय होय थे?"

"मशीन आहे, आई. गॅसची. ती काढायची नाही आणि बटण बंद करायचं नाही."

"गॅस त तिकडं सयपाकघरात हाये. इथी काऊन?"

काय सांगणार? बाजेवर पल्लवी बसलेली. आपली आई हवा लागून गेली असं लहानपणापासून ऐकत आलेली. समोर माझी आई, थकलेली, पण पणतू झाला म्हणून घरभर नाचत असलेली. मी म्हटलं, "असू दे गं, डॉक्टरांनी सांगितलंय." शेगडी खोलीत ठेवायची नाही हेही डॉक्टरांच्याच नावावर खपवलं. आईने मान हलवली. मी होतो तोवर शेगडी पडवीत राहिली आणि खिडकीतलं पोतंही मी काढून टाकलं.

नंतर थंडी वाढली.

त्या दिवशी मला सुट्टी होती. बायको माहेरी गेली होती. दुपारी जेवून मी पेपर वाचत लोळलो होतो. घरात काही पेटलेलं नव्हतं. डबा मेसचा आणला होता. गीझर सकाळपासून बंद, सिलिंडरचा रेग्युलेटरसुद्धा मी बंद केलेला. आणि अलार्म वाजायला लागला. चार कर्कश आवाज, जरा थांबून पुन्हा चार. लाल दिवा लुकलुकत होता.

पहिला विचार आला, पीस खराब निघाला. पण कारखान्यात हा नियम मीच पोरांना घसा फोडून शिकवतो. अलार्म वाजला की आधी मोकळ्या हवेत जायचं, खरा की खोटा ते नंतर बघायचं. मग मलाही पाळावा लागला. बनियनवरच बाहेर आलो, दार सताड उघडं टाकलं आणि कॉलनीतल्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. हातात मोबाइल होता आणि करायला काही नव्हतं.

दुपारी मी गावी फोन करत नाही. आई अंगणात असते, तिला फोन ऐकू येत नाही, आला तरी शेजारच्या बाईशी बोलण्यात असते. तरी लावला. का लावला ते आजही नीट सांगता येत नाही. 'माझा वाजला, तुझा वाजला का गं' असं काहीतरी चेष्टेत विचारावं, एवढंच मनात आल्याचं आठवतं.

पूर्ण रिंग वाजली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा आईने उचलला, वैतागलेली.

"तांदूळ पाखडून राह्यली होती ना बाबू. बायेरपर्यंत फोन आयकू आला. एवढा डोक्याशी फोन वाजून राह्यला, अन् पल्लवी उठूनच नाई राह्यली पाय!"

"डोक्याशी? फोन तिथे कसा?"

"चार्जिंगले लावला न इथी."

"आणि मशीन?"

"ते मच्छराची मशीन व्हय? थे काढून पेटीत ठेवली. थंडीचे मच्छर कुठी हायेत?"

पेटी पुढच्या खोलीत असते.

"आई, शेगडी कुठंय?"

ती पुन्हा तांदळाचं सांगायला लागली.

"आई!"

"बाजेखाली. थोडीशीच हाये. पोरगी कुडकुडून राह्यली होती."

"दार उघड. खिडकी उघड. पल्लवीला आणि बाळाला अंगणात काढ. आत्ताच्या आत्ता!"

"येडा झाला का? बाळंतीन हाये थे. हवा लागन तिले."

मी ओरडत होतो आणि ती मला समजावत होती. लहानपणी ताप आला की समजवायची, तशीच. तिकडे बाजेवर पल्लवी, शेजारी बाळ. अडीच-तीन तासांचा रस्ता. माझ्या हातात शब्दांशिवाय काही नव्हतं, आणि जे शब्द होते ते बाबांनी बोलू नको म्हणून सांगितलेले. मी बोललो.

"आई, मंदाताई हवेनं नाही गेली. शेगडीनं गेली. अशीच. या खोलीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं. काढ तिला बाहेर!"

फोन पडल्याचा आवाज आला. मग आईची हाक, अंगणाकडे, शेजारणीच्या नावाने. असली हाक मी तिच्या तोंडून एकदाच ऐकली होती, ताई गेली तेव्हा. मग काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज, बायकांचा गलका, भांडं पडलं... आणि कितीतरी वेळाने बाळाचं रडणं. मी झाडाखाली मातीत बसून ते रडणं ऐकत होतो आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग भानावर येऊन ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

दोघंही वाचली. पल्लवीला दवाखान्यात ऑक्सिजन द्यावा लागला, डोकं बरेच दिवस दुखत होतं. आणखी उशीर झाला असता तर... असं डॉक्टर म्हणाले.

आता माझ्या घरच्या अलार्मचं. मी तो सोडणार होतो थोडाच? गीझर, सिलिंडर, शेजाऱ्यांची घरं सगळं तपासलं. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना निघणाऱ्या गॅसनेही असे अलार्म फसतात, म्हणून आजूबाजूला इन्व्हर्टर शोधला. कोणाकडेच नव्हता. रंगकाम नाही, फवारणी नाही. या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त किती गॅस आढळला ते साठवलेलं असतं. बटण दाबून पाहिलं, शून्य. म्हणजे त्या यंत्राच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे त्याला काही आढळलंच नव्हतं. तरी ते वाजलं. त्याआधी कधी वाजलं नव्हतं, त्यानंतरही कधी नाही. कंपनीला विचारलं तर म्हणाले, पाठवून द्या, उघडून बघू. मी खोक्यात घालून टेप लावून ठेवला आणि त्या जागी नवा लावला, कारण शंका आलेल्या अलार्मच्या भरवशावर कोणी झोपू नये.

आईने त्या फोनबद्दल चकार शब्द काढला नाही. जेवण तुटलं तिचं. शेगडी तिने तलावात नेऊन टाकली, कोणाला न विचारता. पेटीतला अलार्म काढून पुन्हा उशाशी लावून घेतला, आणि आता दर सोमवारी स्वतः टेस्टचं बटण दाबते. तो किंचाळतो, ती ऐकत उभी राहते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी गावी गेलो होतो. आम्ही दोघं पडवीत बसलो होतो, बाळ तिच्या मांडीवर. तिने खाली बघतच विचारलं,

"शेगडी मीच भरली होती न रे. अन् दारबी मीच..."

मला नाही म्हणता आलं नाही. मी तिचा हात धरला. खूप वेळ ती रडली, आवाज न करता. बाळ तिच्या बांगडीशी खेळत होतं.

मग म्हणाली, "त्या दिवशी तू फोन काऊन केला होता?"

हे तोवर मी तिला सांगितलंच नव्हतं. सांगितलं. घरात काही पेटलेलं नव्हतं, गॅस नव्हता, तरी माझ्याकडचा वाजला म्हणून.

तिने पदराने डोळे पुसले. तलावाकडे बघत राहिली.

"मंदा असन थे."

बाळाने तिची बांगडी ओढली, तिने हलकेच सोडवली.

"आपल्या पोरीसाठी आली. मले उठवाले आली..." मग माझ्याकडे वळून, अगदी लहान मुलीसारखं, "म्हंजे तिचा राग नसन न रे माह्यावर?"

"नाही गं, आई."

त्या रात्री ती पोटभर जेवली.

तुम्ही असला अलार्म आणाल तर घरातल्या प्रत्येकाला तो कशासाठी आहे ते सांगा. कोणाला कितीही वाईट वाटणार असलं तरी सांगा, आणि तो आहे म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवू नका. मी आईला जपायला गेलो आणि तिच्या लेखी ती मच्छराची मशीन राहिली.

तो जुना अलार्म का वाजला, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. उघडला तर कदाचित सापडेलही... एखादी सुटलेली वायर. ते खोकं कपाटात वरच्या फळीवर आहे. सुटलेली वायर सापडेपर्यंत शोधणारा माणूस आहे मी. पण ते खोकं मी कंपनीला पाठवलं नाही, उघडलंही नाही, आणि आई आहे तोवर उघडणार नाही.