आपाची अमेरिकन गाडी

बंद पडलेल्या कापड कारखान्यांचे लूम विकत घेऊन मी भंगारासाठी कापतो. भिवंडीत कुठल्या शेडला टाळं लागणार हे मला मालकाच्या आधी कळतं. हातगाडीवर भंगार गोळा करायचो तेव्हापासून एक नियम पाळला: माल आवडला हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. तो एकदाच मोडला.

एका म्हाताऱ्या मालकिणीकडे लूम बघायला गेलो होतो. नवरा वारलेला, मुलं आखातात. सगळे तिला आपा म्हणत. शेडच्या टोकाला ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक उभं होतं. कोपरा उचलला. लाल रंगाची, दोन दारांची जुनी अमेरिकन गाडी, अंगावर रुईचा पांढरा थर. बॉनेट इतकं लांब की माणूस पाय पसरून झोपावा. मागचा भाग उडी मारायच्या आधी दबलेल्या जनावरासारखा. आपाने चावी फिरवली. आठ सिलिंडर जागे झाले आणि तो आवाज कानात न थांबता थेट पोटात शिरला. माझं तोंड उघडं राहिलं. आपाने ते पाहिलं.

"लूम का भाव तुम बोलो," ती म्हणाली. "इसका मैं बोलूंगी. और तुमको तो देनाच नहीं. तुम काटनेवाले हो."

मी भडकलो. "मैं क्या जो दिखा वो काटता हूं?"

"हां. यही तो सुना है."

तीन महिने मला झुलवलं. मग अटी घातल्या: कापायची नाही, रंग बदलायचा नाही, आणि महिन्यातून एकदा ती स्वतः येऊन बघणार. असल्या अटीवर मी दुसऱ्या कुणाकडून खिळाही घेतला नसता.

सात वर्षं गाडी काल्हेरला माझ्या गोडाऊनमध्ये आहे. बायको म्हणते, "तुमी तिला पोसताव, ती तुमाला न्हाय." खरं आहे. पेट्रोल पिते, पार्ट मिळत नाहीत. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पुढच्या कंटेनरला मागे टाकायचं तर शेजारी बसलेल्याने डोकं बाहेर काढून रस्ता सांगायचा. पण आजच्या गाड्या पट्टा लावला नाही तर शाळेतल्या बाईंसारख्या कुरकुरतात. ही काही सांगत नाही आणि तुमची चूकही झाकत नाही. राहनाळच्या रस्त्याला ट्रकवाले हिला बघून हॉर्न मारत नाहीत, गाडी हळू करतात.

सलतं ते आपाचं. दर महिन्याला रिक्षातून उतरते, टायर बघते, बॉनेट उघडायला लावते आणि विचारते, "पूरी है ना?" माझ्या नुसत्या शब्दावर लोक ट्रक भरून लोखंड पाठवतात, आणि ही सात वर्षं माझी झडती घेते.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "चावी दो. चलाऊंगी."

वय सत्तरीच्या पुढे. शुक्रवारी कारखाना बंद असला की नवरा तिला कंपाउंडमध्ये चालवायला द्यायचा म्हणे. चपला काढून अनवाणी बसली. मी शेजारी. गाडी उसळून निघाली.

"आपा, धीरे! आपा, खंबा! ब्रेक!"

खांब वीतभर अंतरावरून गेला. मी खिडकीतून हात काढून बाहेरून दार धरलं होतं, जसा काही ओरखडा मी हातावर झेलणार होतो. आपाने गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघून पोट धरून हसली.

"इतना तो मेरे मियां भी नहीं चिल्लाते थे." मग डोळे पुसत म्हणाली, "अब मैं देखने नहीं आऊंगी. जरूरत नहीं."

सात वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि डोकंच फिरलं.

"ऐसा कैसा? महिने में एक बार ठहरा था!"

"घुटना दुखता है. रिक्शा में धक्के लगते."

"मैं लेने आऊंगा. इसी में."

ती विचारात पडली. "दो महिने में एक बार."

"डेढ़."

"ठीक है, डेढ़," चपला पायात सरकवत ती म्हणाली. "मगर वापसी में चलाऊंगी मैं."

मी त्या खांबाकडे बघितलं आणि मान डोलावली.