क्लचवाला कॉम्प्युटर

माझ्या कॉम्प्युटरला कुणी ‘फुकटातला’ म्हटलं की माझं डोकं सणकतं. मेडशीत आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांची पक्की समजूत आहे की, विकतचं काही घ्यायची ऐपत नाही म्हणून मी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकट मिळणारी सिस्टिम, वापरते. “फुकटात भेटते ते काय कामाचं वं?” असं माझ्या सख्ख्या मावशीनं मला विचारलंय, तेही आमच्याच घरचा चहा बशीत ओतता ओतता. आता काय बोलायचं! मी शेजारच्याच मालेगावला एका क्लासमध्ये पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवते. घरातला कॉम्प्युटर म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना खोका. त्यात मी स्वतः लिनक्स टाकलं आणि तो पळायला लागला. त्यावर मी गेम खेळते. हो, खेळते. एवढी घोडी झाले तरी खेळते. आणि त्या गेमनं आमच्या घरात काय केलं ते मी आता छाती ठोकून सांगणार आहे, मावशीला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच.

माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर. रिटायर झालेत, पण ‘ड्रायव्हर होते’ म्हटलेलं त्यांना आजही खपत नाही. अख्खी नोकरी अकोला, मालेगाव, किन्हीराजा, कारंजा या रस्त्यांवर गेली. मागच्या उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. अकोल्याला ऑपरेशन झालं, तार टाकली, पाय बरेच दिवस सरळ बांधून ठेवला. पट्टी सुटली तेव्हा हाड जुळलं होतं, पण गुडघा काही वाकेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज व्यायाम करून गुडघा काटकोनात आला पाहिजे. पुढच्या तपासणीपर्यंत आला नाही, तर गुंगी देऊन डॉक्टरांनाच तो वाकवावा लागेल.

बाबांनी तिथं नुसती मान हलवली. पण पातूरच्या घाटात भर पावसात भरलेली गाडी उतरवणारा हा माणूस त्या गुंगीला घाबरला होता. “मले झोपवून माहा पाय मोडतीन थे,” असं ते आईजवळ म्हणाले, आणि आईनं ते मला सांगितलं. बरं, घाबरलात तर व्यायाम करा! तर त्याचं नावच नाही. फिजिओच्या मॅडमनी शिकवलं होतं, खाटेवर बसायचं आणि टाच हळूहळू मागे ओढायची. दोन-चार दिवस केलं. मग म्हणाले, “हे काय पोट्ट्यावानी पाय हालवत बसू? कायले?” आई बोलून बोलून थकली. मी तापट, बाबा हट्टी, एक दिवस मी रागानं ताट आपटलं. त्यांनी पाय तसाच सरळ ठेवून शांतपणे जेवण संपवलं.

एका दुपारी ते दारात खुर्ची टाकून बसले होते. आमच्या घरासमोर हायवेवरची गाड्यांची वर्दळ दिसते. एक एसटी आली, गतिरोधकाजवळ हळू झाली, तिनं गिअर बदलला, आणि तेवढ्यात बाबांचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला. लगेच टाच थोडी मागे आली. त्यांना पत्तासुद्धा नव्हता. मी मात्र हातातलं काम तसंच ठेवून बघत राहिले. क्लच! या माणसाला व्यायाम नकोय, क्लच पाहिजे.

बस चालवायचा एक गेम माझ्याकडे होताच, मी तो कीबोर्डवर खेळायचे. अकोल्यात एकाचं गेम पार्लर बंद होत होतं. तिथून मी स्टिअरिंग आणि तीन पायडलांचा जुना सेट उचलून आणला. फिजिओच्या मॅडमना फोन करून विचारलं. त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, कशानं का होईना, वाकू दे, फक्त जोर लावून ढकलू नका.

सेट जोडला. लिनक्सनं स्टिअरिंग ओळखलं, ॲक्सिलरेटर ओळखला, ब्रेक ओळखला. क्लच नाही. घ्या! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच नेमका गायब. मावशी नेमकी तेव्हाच दारात. “मी म्हनलं नव्हतं, फुकटाचं काई खरं नसते?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिडून क्लच येत नाही. सुट्टीचा अख्खा दिवस मी वाचत बसले. कुठल्या कुठल्या देशांत बसलेली माणसं आपापल्या मशीनची दुखणी लिहून ठेवतात आणि दुसरी अनोळखी माणसं त्यावर औषध सांगतात, ही लिनक्सवाल्यांची रीतच आहे. तिथं कळलं की हे स्टिअरिंग सुरू होताना साध्या रूपात सुरू होतं आणि दोनच पायडलं दाखवतं. त्याला त्याच्या खऱ्या रूपात आणायला एक छोटासा प्रोग्राम लागतो. तो टाकला, क्लचवर पाय दाबला, आणि पडद्यावरची तिसऱ्या पायडलाची पट्टी हलली. मी एवढ्या जोरात ओरडले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, विंचू चावला.

गेम खेळा म्हटलं असतं तर बाबा आलेच नसते. मी म्हटलं, “बाबा, गाडी बराबर चालून नाही राह्यली. जरा चेक करून द्या ना.” आता ड्रायव्हरला गाडी चेक करा म्हटल्यावर तो कसला बसून राहतो! काठी टेकत आले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं आधी स्टिअरिंग पुसलं, मान वाकडी करून टेबलाखालची पायडलं पाहिली, मग खुर्चीत बसले. पाय जेमतेम पोचेल एवढी खुर्ची मी मागे ठेवली होती. गाडी निघाली, आणि पहिल्याच वळणावर ब्रेक मारल्यावर जरा उशिरानंच थांबली.

“ब्रेक मारल्यावर इचार करून राह्यली हे,” बाबा म्हणाले. “हे गाडी मी नाही नेत.” आणि उठून गेले.

डेपोतही त्यांचं हेच. ब्रेक सैल वाटला की गाडी नेणार नाहीत, मग समोरचा कितीही डोकं आपटो. पण इथं गाडी माझी होती, त्यामुळे मला चांगलंच झोंबलं. उलट बोलणार होते, पण आधी स्वतः पायानं ब्रेक मारून पाहिला, तर कारण माझ्या लक्षात आलं. लिनक्समध्ये आतलं इंजिन तेच राहतं, पण वरचा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, पट्ट्या, चिन्हं, हे सगळं आपण आपल्या पसंतीनं निवडायचं असतं. माझा डेस्कटॉप सगळ्यात देखणा. त्यात खिडक्या तरंगत उघडायच्या आणि विरघळत मिटायच्या. क्लासमध्ये मी तो ऐटीत दाखवायचे. ती सगळी शोभा त्या जुन्या खोक्याला ओढावी लागत होती आणि गेम अडखळत होता. कीबोर्डवर मला कधी कळलं नाही. बाबांच्या पायाला कळलं.

“मंग बदल ना,” बाबा म्हणाले. मी समजावून सांगितल्यावर त्यांना हे लगेच पटलं होतं. “चेसिस एकच, बॉडी अलग. आपल्या वर्कशॉपात बांधतात तशी.” क्लासमध्ये हीच गोष्ट मला फळ्यावर चित्रं काढून शिकवावी लागते.

दुसरा डेस्कटॉप घातला. हा हलका होता, ब्रेकही बरा लागला. पण गाडी पुलावर असताना पडद्याच्या मधोमध सूचना आली की नवीन अपडेट आलं आहे. “समोरच्या काचेवर हे पत्रिका कोनं चिकटवली?” बाबा कडाडले. हीसुद्धा नापास. मी वरून कुरकुरत होते, पण आतून खूश होते. गाडी नापास झाली म्हणजे उद्या पुन्हा चेक करायला येणार, आणि आले की क्लच दाबणार.

तिसरा मी जड मनानं निवडला. करडा रंग, खाली एक पट्टी, दोन चिन्हं, बस. क्लासमधली पोरं त्याला म्हातारा म्हणतात. त्यातली उरलीसुरली सजावटही मी काढून टाकली आणि सगळ्या सूचना बंद केल्या. बाबांनी वळणावर ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी उभी. पुन्हा मारला, पुन्हा उभी. “हाव,” ते म्हणाले. “हे लाल डबा आहे. दिसाले कशीबी असो, पण आयकते.” अहाहा! पगार वाढला तेव्हासुद्धा मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसले, पहिला गिअर टाकला, क्लच दाबून धरला, आणि गाडी काही हलेना. मी विचारलं, “आता काय झालं?”

“बेल कुठी आहे?”

एसटीत कंडक्टरनं दोनदा बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आणि दोन बेल झाल्या की मग मागे वळूनही बघत नाही. मागचं सगळं कंडक्टरच्या भरवशावर. मी डोक्याला हात लावला. पण आई उठली, स्टीलचा गिलास आणि चमचा घेऊन आली. टण टण. बाबांनी क्लच सोडला आणि गाडी निघाली. त्या दिवसापासून आई कंडक्टर. तूर निवडता निवडता बेल द्यायची. जेवण तयार झालं की एकच टोला, म्हणजे गाडी थांबवा.

गेम परदेशातला. रस्ते धुतल्यासारखे, थांबे ठरलेले. बाबांना ते मान्यच नव्हतं. रस्त्याच्या कडेला कुणीही उभं दिसलं की गाडी बाजूला. “अवो, थांबा नाही ना तिथं!” मी ओरडायचे. “म्हातारी उभी आहे, दिसत नाही का?” ते मला ओरडायचे. गेम त्यांचे गुण कापायचा. दार उघडायचं आणि ती परदेशी म्हातारी ढुंकूनही न बघता निघून जायची. “चालली पायदल,” बाबा हळहळायचे. आई म्हणायची, “जाऊ द्या, तिचं घर जवळ असन.”

आता यातली माझी करामत. बाबा उठून गेले की मी खुर्ची बोटभर पुढे सरकवायची. रोज नाही, मधून मधून. खुर्ची जवळ आली की पायडलावर पाय ठेवायला गुडघा आणखी थोडा वाकवावा लागतो. फरशीच्या रेघेवरून मी अंदाज ठेवला होता. “आज क्लच कडक लागून राह्यला,” बाबा म्हणायचे. “तेल देते,” मी साळसूदपणे म्हणायचे. पण त्यांच्या कपाळावर घाम दिसला की दोन दिवस मी खुर्चीला हात लावत नसे. एक दिवस ते आलेच नाहीत, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तपासणी जवळ आली होती. मला वाटलं, मी जास्तच सरकवली आणि सगळं घालवलं. दुसऱ्या दिवशी आई गिलास घेऊन सरळ खाटेजवळ गेली आणि दोनदा वाजवला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि काठी मागितली.

तपासणीला अकोल्याला गेलो. बाबांना टेबलाच्या कडेवर बसवलं. डॉक्टरांनी घोटा धरला आणि पाय हळूहळू मागे न्यायला सुरुवात केली. मी आईचा हात घट्ट धरला होता, तिच्या बांगड्या मला रुतत होत्या. गुडघा वाकला. काटकोनात आला, आणि त्याच्याही थोडा पुढे गेला.

“वा! व्यायाम मनापासून केला तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. “आता गुंगीबिंगी काही नको.”

“व्यायाम नाही केला,” बाबा म्हणाले. “ड्युटी केली.” मग माझ्याकडे बोट केलं. “माह्या पोरीनं घरात गाडी बांधून देली. लिनक्सची. क्लचवाली.” लिनक्स हा शब्द त्यांनी असा ठणकावून उच्चारला की माझी मान ताठ झाली. मावशी तिथं पाहिजे होती! “आन मधून मधून माही सीट पुढं सरकवे. तिले वाटे, बुढ्याले समजत नाही. अख्खी नोकरी सीटवर गेली ना माही, समजनार नाही का?”

माझे कान गरम झाले. डॉक्टर हसत होते, आई हसत होती. बाहेर जिन्याजवळ आल्यावर मी बाबांना गाठलं. “एवढं दुखत होतं, समजतबी होतं, मग बोलले काहून नाही?”

“तू सीट सरकवली म्हन्जे बेलच देली ना,” बाबा म्हणाले. “मंग ड्रायव्हर मांगं कायले पाहीन?”

मागून आईनं जिन्याच्या कठड्यावर बांगडी दोनदा वाजवली. बाबांनी डावा पाय पुढे टाकला आणि जिना उतरायला लागले.