माळावरची हजेरी

किशनराव गुरुजींना मी प्रथम पाहिलं ते वालूरजवळच्या आमच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात. पोरांची हजेरी झाली की ते दुसरा पट उघडत. त्यात चंडोल, तितर, मुंगूस, तरवड अशी नावं! शाळेमागच्या माळावर ज्यानं ते पाहिलं असेल त्यानं ‘हजर’ म्हणायचं. मला वाटलं, गुरुजींचं डोकं फिरलंय.

त्या पटात धाविक होता. उघड्या माळावर तुरुतुरु पळणारा, घरटं न बांधता मातीवरच अंडी घालणारा पक्षी. गुरुजींनी मोठ्या हौसेनं अर्ध्या माळावर आमच्याकडून झाडं लावून घेतली होती. गावभर कौतुक झालं. ती झाडं वाढल्यावर उरलेल्या अर्ध्यासाठीही खड्डे खणले गेले, झाडं लावण्याच्या कार्यक्रमाला पाहुणे ठरले. मी तेव्हा सातवीत होते. एका सकाळी धाविकाचं नाव आलं आणि मी बोलून गेले, "गैरहजर. गुर्जी, आपल्या झाडावर कावळे बसायलेत. वरून अंडी दिसतेत त्यांना, खायलेत."

आता छडी बसणार म्हणून मी हात पुढे केला. गुरुजींनी त्या हातावर खडू ठेवला आणि स्वतः बाकावर जाऊन बसले.

"लिही पोरी. चूक माझी हाय. जीव मारल्यानंच संपतो असं न्हाई. त्याची जागा बदलली की पिल्लं जगत न्हाईत, म्हातारे तेवढे उरतेत. एका माळावरून गेला तर दुसऱ्या माळावरून येईल. सगळेच माळ गेले तर कुठून येईल?"

कार्यक्रम रद्द झाला. "झाडाला नको म्हणणारा मास्तर कुठं पाहिलाव का?" म्हणून गाव हसलं. खड्डे गुरुजींनी स्वतः फावड्यानं बुजवले. मिळालेली शाबासकी माणूस अशी परत करू शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

धाविकाचं नाव मात्र त्यांनी पटावरून काढलं नाही. आता त्या शाळेत मी शिकवते, पट माझ्याकडे आहे. वर्षानुवर्षं त्या नावापाशी वर्ग गप्प बसे. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला चौथीतली रुक्मिण ताडकन उठली, "हजर! झाडापासून लांब, उघड्यावर दोन अंडी हायेत बाई!"

मी गुरुजींना घेऊन गेले. पंचाहत्तरीतले गुरुजी लांबच थांबले, चपला काढल्या. "पुढं नको. ती बसलीय," एवढंच म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले.

गुरुजी, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या अंड्यांतली पिल्लं मोठी होऊन याच मातीत अंडी घालतील, तेव्हा त्यांची हजेरी तुम्हीच घ्यायची आहे.