छापखानेवाल्याचं आडनाव

केवळ आडनाव ऐकून तुम्ही कधी एखाद्या परक्या माणसाच्या हाती आपल्या माणसाचं भवितव्य सोपवलं आहे का? मी सोपवलं आहे. तो माणूस फ्रेंच होता आणि माझा माणूस म्हणजे माझा आतेभाऊ.

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. कुणाचंच नाव लिहिणार नाही. एकदा चार नावं उच्चारली, त्याचं काय झालं तेच सांगायला बसलो आहे.

माझे वडील वसईकडच्या एका गावात शाळामास्तर. शाळा सुटली की ते मिठागरांतल्या कामगारांसाठी पत्रकं काढायचे. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं आणि त्याचं हँडल फिरवायचं काम माझं. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हतीच. मी वाचायला शिकलो तो मजुरी, टाळेबंदी, एकजूट असल्या शब्दांवर. पण एक पत्रक मला गोष्टीसारखं पाठ होतं. त्यात फ्रान्सातला एक छापखानेवाला होता. तो कामगारांची पत्रकं गुपचूप छापून द्यायचा. पोलिसांनी त्याला धरलं, छपाईचे खिळे रस्त्यावर ओतले, यंत्र फोडलं, पण ती पत्रकं लिहिली कुणी हे त्याने सांगितलं नाही. एकही नाव दिलं नाही. वडील दर मे महिन्यात ते पत्रक नव्याने काढायचे, आणि मी कंसात इंग्रजीतही दिलेल्या त्या आडनावाची अक्षरं ओल्या शाईत उमटताना पाहायचो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बहारीनला गेलो. मनामातल्या एका मोठ्या हॉटेलात जनरल मॅनेजरच्या ऑफिसात टायपिस्ट. आतेभाऊ माझ्या आधीच तिथे होता, हॉटेलच्या लाँड्रीत. वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो आणि तो मला ‘पत्रकवाले’. शहराच्या गुदैबिया भागात एका जुन्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायचो. तिसरे आमच्यासोबत पुण्याचे एक काका, बँकेत अकाउंटंट. ते ताकाला फोडणी द्यायचे आणि आमच्या सुक्या बोंबिलांच्या वासाने गॅलरीत जाऊन बसायचे.

आधीचा मॅनेजर गेला आणि नवा फ्रेंच मॅनेजर आला. त्याच्या दारावरच्या पाटीचा मजकूर मीच पाठवायचा होता. नाव टाइप करताना माझी बोटं थांबली. तेच आडनाव, अक्षरन्‌अक्षर.

संध्याकाळी घरी सांगितलं तर काका हसले. “आमच्या बँकेत एका थोर संताच्या आडनावाचा माणूस आहे. चहाला निघालो की त्याचं पाकीट नेमकं घरी राहतं.”

“काका, तुम्हाला चेष्टाच सुचते.”

“चेष्टा कसली, राजे? अनुभव आहे.”

नव्या मॅनेजरला एक छंद होता. त्याच्या केबिनमध्ये काचेचं कपाट होतं आणि त्यात त्याच्या आडनावाच्या वस्तू मांडलेल्या. एका नौसेनापतीचं छोटं चित्र. दर शर्यतीत दुसरा येणाऱ्या एका सायकलपटूचा फोटो. एका गायिकेची तबकडी. एका वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधलेल्या झुडपाचं वाळलेलं पान. झुडपालाही तेच नाव. मोहरीच्या चटणीची रिकामी बरणी. पॅरिसमधल्या एका गल्लीची निळी पाटी, अर्थात नक्कल. आणि चंद्राचा नकाशा, ज्यावर एका खड्ड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढलेला.

“यातला एकही माझा नातेवाईक नाही,” तो मला म्हणाला होता. “आम्ही सगळ्यांनी फक्त एकाच खुंटीला कोट टांगलेत.”

मला तो त्याचा विनय वाटला.

आता सारखं आडनाव म्हणजे नातं नव्हे, हे कुणाला कळायला हवं होतं, तर आम्हाला. आमच्या वसईत आडनाव आलं कुठून? कुठल्याशा पोर्तुगीज पाद्रीने पणजोबांच्या खापरपणजोबांच्या डोक्यावर पाणी घातलं आणि स्वतःचं आडनाव देऊन टाकलं. एकाच आळीत सात घरांचं एकच आडनाव, आणि सोयरिकी बिनधास्त होतात, कारण नातं कुणाचंच कुणाशी नाही. घरं ओळखायची तर आम्ही विहिरीवरून, आंब्यावरून ओळखतो. एवढं असूनही मी फसलो. मला वाटायचं, उसनी आडनावं आमची. गोऱ्या लोकांची अस्सल असतील, ती रक्तातून येत असतील. इतकी पत्रकं वाचूनही हा गुलामीचा एक कोपरा माझ्या डोक्यात झाडायचा राहून गेला होता.

मी त्याला छापखानेवाल्याबद्दल विचारलं. त्याने नाव ऐकलं नव्हतं. मी सगळी गोष्ट सांगितली. तो खुर्चीत पुढे सरकून ऐकत राहिला. “हा तर सगळ्यांत उत्तम,” तो म्हणाला आणि कपाटाकडे बोट दाखवलं. “याच्यासाठी जागा करायला हवी.”

त्याच उन्हाळ्यात दादाचा हात रोलरमध्ये गेला.

चादरी इस्त्री करणारे दोन मोठे तापलेले रोलर असतात. त्यांच्यासमोर एक आडवी पट्टी असते. हाताचा धक्का लागला की यंत्र थांबतं. आमच्या लाँड्रीत ती पट्टी फडक्याने वर बांधून ठेवलेली असे. जराशा धक्क्यानेही यंत्र थांबायचं आणि काम मागे पडायचं, म्हणून सुपरवायझरने बांधायला लावली होती. दादाच्या उजव्या हाताची बोटं भाजून चेपली. दोन कायमची वाकडी झाली. तो हॉस्पिटलातून बाहेर यायच्या आत पट्टीचं फडकं सोडलेलं होतं आणि हॉटेलने ठरवून टाकलं होतं की चूक त्याची. बेशिस्त वागणूक. व्हिसा कॅन्सल, परत पाठवणी.

दादाला दोन गोष्टी हव्या होत्या. हॉटेलातच दुसरं हलकं काम, आणि कपाळावर बेशिस्तीचा शिक्का नको. पहिलीपेक्षा दुसरी जास्त. “हात वाकडा घेऊन गेलो तरी चालेल,” तो म्हणाला, “पण गावात लोक म्हणतील, दारू पिऊन मशीनवर होता. पोरगी लग्नाची आहे माझी.”

बांधलेलं फडकं डोळ्यांनी पाहिलेले चार जण होते. त्यांतल्या एक आमच्याच बाजूच्या, लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेलांच्या कोठीत, काम करणाऱ्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून त्या दिवशीच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात मी त्यांना गाठलं.

“खरं काय ते सांगेन बाबा,” त्या म्हणाल्या. “पण सुपरवायझरला आधी कळता कामा नये. चौकशी बसली, सगळे समोर असले, की सांगेन. एकटीला गाठलं तर माझी काय बिशाद?”

“मावशी, नाव कुठे जाणार नाही. मी सरळ मोठ्या साहेबाला भेटतो. हा माणूस वेगळा आहे.”

“तू कशावरून म्हणतोस?”

मी कशावरून म्हणालो ते तुम्हाला ठाऊक आहे.

बाकीच्या तिघांनीही तीच अट घातली. मी केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि सगळं सांगितलं. त्याने मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, “पाहिलं कुणी?”

मी लावलेल्या दाराकडे पाहिलं.

“मित्रा,” तो म्हणाला, “ज्याच्यासाठी मी कपाटात जागा करतो आहे, त्याची तरी लाज मी राखेन ना? नावं या खोलीतून बाहेर जाणार नाहीत.”

मी चारही नावं सांगितली. मावशींचं आधी, कारण त्यांच्यावर माझा सगळ्यांत जास्त भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौघांना एकेकटं पर्सोनेल खात्याच्या, म्हणजे नोकरभरतीवाल्यांच्या, खोलीत बोलावलं गेलं. आत सुपरवायझर बसलेला. चौघांनी सही केली की पट्टी जागच्या जागी होती. चौकशी कधी बसलीच नाही.

मावशी मला जिन्यात भेटल्या. माझ्याकडे न बघता बोलल्या. “माझी दोन पोरं गावी शिकतायत. मी सही केली. तुझ्या दादाला सांग, त्याने मला शिव्या दिल्या तरी चालतील. पण तू माझ्याशी बोलू नकोस.”

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये न विचारता घुसलो. “तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता,” तो शांतपणे म्हणाला. “पण हॉटेल चालवायचं तर मला सुपरवायझर लागतो. आणि तू रागावू नकोस, पण तो छापखाना चालवायचा, मी हॉटेल चालवतो.” मग त्याने मला टाइप करायला एक मेनू दिला. नोकरीवरून काढलंसुद्धा नाही. मला काढण्याइतकाही त्याला माझा धाक वाटला नाही!

दादाला सोडायला मुहर्रकच्या विमानतळावर काका आणि मी गेलो. वाटेत टॅक्सीवाल्याने दादाच्या हाताचं बँडेज पाहून विचारलं, “खलास?” दादा म्हणाला, “खलास.” दोघेही हसले. मला हसू येईना.

“पत्रकवाले,” दादा आत जाताना म्हणाला, “तुझ्या त्या छापखानेवाल्याला माझा सलाम सांग. आणि तोंड असं पाडू नकोस. मेलो नाहीये मी.”

काकांनी त्याच्या खिशात बडीशेपेची पुडी घातली. ‘मी सांगत होतो’ असं ते तेव्हा म्हणाले नाहीत, पुढेही कधी नाहीत.

थंडीच्या दिवसांत मॅनेजरने काही पाहुण्यांना जेवायला बोलावलं. मी एक तार द्यायला टेबलापाशी गेलो, तर तो छापखानेवाल्याची गोष्ट सांगत होता. खिळे रस्त्यावर कसे ओतले, यंत्र कसं फोडलं, सगळं माझ्याच शब्दांत. “आणि त्याने एकही नाव दिलं नाही,” असं म्हणून त्याने ग्लास उचलला. पाहुण्यांनीही उचलले. एक बाई म्हणाली, “तुमच्या घराण्यात हे आहेच तर!” तो नुसता हसला. या वेळी त्याने खुंटीची आणि कोटांची गोष्ट काढली नाही.

मी तार टेबलावर ठेवली आणि त्या महिन्याअखेर राजीनामा दिला.

गावी आलो तर वडील यंत्राला तेल देत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवून विचारलं, “आडनाव नक्की तेच होतं?”

“बाबा, तो छापखानेवाला खरंच होता का?”

“मी कुठे पाहिलाय त्याला? मलाही तो एका पत्रकातच भेटला.”

इतक्या वर्षांचं हँडल माझ्या खांद्यात एकदम दुखायला लागलं. पण वडिलांवर मी रागावलो नाही. गोष्ट खोटी असली तरी नावं न देणं खरं आहे, आणि ते ज्याचं त्याने करायचं असतं. आडनाव ते करून देत नाही.

दादा अजून गावातच आहे. डाव्या हाताने वाडीला पाणी देतो. मुलीचं एक स्थळ तेव्हा परत गेलं. पारावर लोक अजूनही त्याच्या पाठीमागे म्हणतात, काहीतरी केलं असणार, उगाच कोण हाकलतं? मी घरोघर जाऊन सांगितलं. पण मी त्याच्या मामाचा मुलगा, माझं कोण खरं धरतो?

म्हणून हे तुमच्याकडे मागतो आहे. तुमच्याही आळीत आखातातून असा मुदतीआधी परत आलेला कुणीतरी असेल. येत्या रविवारी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. ‘तू काय केलंस’ असं विचारू नका. ‘तुझ्याशी ते कसे वागले’ असं विचारा, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत उठू नका. मग ते पारावर येऊन मोठ्याने सांगा. साक्षीदार कोण होते असं कुणी विचारलं, तर मात्र एकही नाव देऊ नका.