गावाने मासोळी सोडली

ताजी मासोळी सकाळी विकली नाही तर दुपारी तिचा भाव अर्धा होतो आणि संध्याकाळी ती फेकावी लागते. धान कोठीत पडून राहतं. आमच्या गावच्या भांडणात एका बाजूला मासोळी होती आणि दुसऱ्या बाजूला धान. निकाल तिथेच लागला होता. आम्हाला तो कळायला हिवाळा गेला.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. चौथी झाली होती, पुढची शाळा लांब, म्हणून घरीच होते. आम्ही ढिवर, मासोळी धरणारे. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमची मूठभर घरं, बाकी गाव शेतकऱ्यांचं. गावचा जमीनदार म्हणजे मालगुजार, त्याच्या वेळी तलावाचा हिशेब सोपा होता. त्याच्या घरी मासोळी पोचवायची, उरलेली आमची. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला आणि मासोळीचा लिलाव व्हायला लागला. शहरातला एक ठेकेदार बोलीला आला. माझ्या बापाने त्याच्याहून चढी बोली केली, कारण तलाव गेला तर आम्ही करणार काय? अर्धी रक्कम त्याने भरली. अर्धी होळीच्या आत भरायची होती, नाहीतर तलाव ठेकेदाराला जाणार होता.

म्हणून बापाने भाव वाढवला. आमच्याकडे पैशात विक्री कमीच. माय डोक्यावर टोपली घेऊन घरोघर जायची, दारात मासोळीचे वाटे लावायची, एका वाट्याला एक शेर धान घ्यायची. त्याचं दीड शेर झालं. त्या वर्षी धान हलकं पिकलं होतं, हेही खरं. गावाला राग आला याचं मला नवल वाटत नाही.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. मोठ्या घरचा म्हातारा बोलायला उठला. गावात त्याचा शब्द चालायचा.

“पाणी देवाचं, मासोळी देवाची. तू का तिले दाणा चारून राह्यला का गा?”

बाप म्हणाला, “पैसे सरकार मांगून राह्यलं भाऊ. देवानं मांगतले असते तर हात जोडून मोकळा झालो असतो.”

लोक हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं. म्हाताऱ्याला ते हसणं लागलं. ढिवरांची मासोळी कोणी घ्यायची नाही, घेईल त्याने दंड भरायचा, असं त्याच बैठकीत ठरलं.

दुसऱ्या दिवशी मायने सगळं गाव फिरून पाहिलं. एक म्हातारी दारातूनच ओरडली, “आमच्या घरी आता सारे माळकरी झाले वं!”

“मंग माळ दाखव ना,” माय म्हणाली. “परवा तर माह्यासमोर काटे चघळून राह्यली होती.”

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. पण घेतली नाही.

थोड्या दिवसांनी बाप पुन्हा एक शेरावर आला. मग अर्ध्यावर. तरी कोणी घेईना. बंदी भावावर होती तोवर भाव उतरवून ती सुटली असती. आता ती आमच्यावर होती. माय शेजारच्या गावी जायला लागली. तिथल्या बायकांनाही कळलं होतं, की ही टोपली परत नेली तर कुजते. त्या दारात उभ्या राहून ऊन कुठवर आलं ते बघायच्या आणि दुपार झाली की मागतील त्या भावात घ्यायच्या. उरलेली मासोळी आम्ही वाळवायचो, पण पाळीखाली हिवाळ्यात धुकं लवकर उठत नाही. बरीचशी वाळण्याआधीच खराब झाली.

गावात किराणा दुकान एकच. मासोळी बंद झाली तशी घरोघर लाखोळीची डाळ शिजायला लागली आणि दुकानदाराने डाळीचा भाव चढवला. अर्ध्या शेरासाठी गाव आमच्याशी भांडलं आणि त्याहून जास्त धान दुकानात ओतून आलं. त्यावर कोणी बैठक घेतली नाही. डाळही सोडली तर भातावर काय घेणार?

आमच्यात एक रीत होती. गावात कोणाच्याही घरी बाई बाळंत झाली, की पाचवीच्या आत ढिवरणीने तिला मरळ नेऊन द्यायची. मरळ खाल्ली की दूध उतरतं, असं मानतात. त्या मासोळीचं धान घ्यायचं नाही. बंदी चालू असताना मोठ्या घरची सून बाळंत झाली. मायने जिवंत मरळ निवडून टोपलीत टाकली.

“काऊन चालली तिथी?” बाप म्हणाला. “लाज नाई वाटत?”

“बाळंतिणीले कायची बंदी? हे का विकणं आहे?”

ही रीत बंदीच्या बाहेरची आहे, असं मायला वाटलं. तिची चूक तेवढीच. बाळंतिणीने खाल्ली की गावही हळूहळू खाईल, असंही मनात असेल. मी तिच्या मागे गेले. म्हातारा ओसरीवर बसला होता.

“उचल ते,” तो म्हणाला. “आज फुकट देशीन, उद्या दीड शेर मांगशीन.”

“भाऊ, तुमच्या लेकाच्या वेळी माह्या सासूनं आणली होती.”

“तवा तुमी ढिवर होते. आता ठेकेदार झाले ना बाप्पा.”

मायने मरळ पायरीवर ठेवली आणि वळली. म्हाताऱ्याने गड्याला सांगून ती उकिरड्यावर टाकायला लावली. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जीव धरून असते. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तरी ती उकिरड्यावर उसळत होती.

त्यानंतर मायने गावात टोपली नेली नाही. तलावातले वाळवलेले शिंगाडे ती शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत विकून आली. उपासाचा माल, चांगला गेला. पण तेवढ्याने ठेक्याची रक्कम होणार नव्हती. होळीच्या आधी तलाव गेला.

ठेकेदाराने पाळीवर तराजू लावला. त्याची मासोळी बैलगाडीने मूलच्या स्टेशनावर आणि तिथून रेल्वेने शहरात जायची. गावाने घेतली काय, नाही घेतली काय, त्याला फरक नव्हता. धान तो घेत नसे, रोकडा मागायचा, आणि त्याचा भाव आमच्या दीड शेरापेक्षा कितीतरी वर होता. आधी गावातले लोक कुरकुरले. मग घ्यायला लागले. माझा बाप त्याच ठेकेदाराच्या जाळ्यावर मजुरीला लागला.

पुढच्या हिवाळ्यात माझी वहिनी बाळंत झाली. तिला दूध उतरेना. माय पाळीवर गेली, मी सोबत होते. आमच्या घरात मासोळी विकत आणायची ती पहिलीच वेळ. मायने सवयीने ढिगात हात घातला आणि एका मरळीची पाठ दाबून पाहिली.

तराजूवरचा माणूस परगावचा होता. “ए बाई, हात नको लावू. मरळ इथी नाई विकत. ते शहरात जाते.”

बाप कमरेइतक्या पाण्यात जाळं धरून उभा होता. त्याने ऐकलं आणि तोंड फिरवलं. एखादी मरळ त्याने धोतरात लपवून आणली असती तर कोणी पाहिलं नसतं. त्याने आणली नाही.

वहिनीला आम्ही पेज पाजली, लसूण दिला. पोर पंधरवड्याने गेलं. मासोळी नव्हती म्हणून गेलं, असं मी म्हणत नाही. त्या काळी पोरं जायची. मरळ खाल्लेल्या बायकांचीही जायची. मायला मात्र हे कोणी पटवू शकलं नाही.

मोठ्या घरची सून भेटायला आली. तिचा मुलगा तिच्या कडेवर होता. वहिनीजवळ बसली, मग मायकडे बघून म्हणाली, “त्या दिवशी तुमी मरळ आणली होती ना, मले आतमंदी ऐकू आलं होतं. मी खाल्ली असती बाई. मले कोणी इचारलंच नाई.”

मायने तिच्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं. मग म्हणाली, “दूध उतरलं होतं ना तुले?”

“उतरलं होतं.”

“मंग झालं.”

त्या मुलाच्या नाकाला शेंबूड आला होता. मायने तो पदराने पुसला, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दिवसाढवळ्या निजलेलं मी तिला तेव्हाच पाहिलं.