घराघरातली एक मूठ

त्या वर्षी कानबाई बसवायची नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे लिहितानाही हात अडखळतो, कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून एकही श्रावण तिच्याविना गेला नव्हता. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे काढून, नथ घालून, साडीचोळी नेसवून तिला पाटावर बसवतात, गव्हाचे रोट करतात आणि भाऊबंदकीतली सगळी घरं एका छपराखाली जमून ते खातात. आमच्या भाऊबंदकीत हा मान आमच्या घराकडे होता. सासूबाईंनी जाताना तो माझ्या हाती सोपवला होता. तीस-पस्तीस माणसं तीन दिवस घरात असायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. तो अभिमान भक्तीचा होता की आणखी कशाचा, हे तेव्हा कधी तपासून पाहिलं नव्हतं.

आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. हे यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होते. उन्हाळ्यात तो कारखाना बंद पडला. आधी एक पाळी गेली, मग कापडाला उठाव नाही म्हणून आठवड्यातले दोन दिवस गेले आणि शेवटी एके दिवशी माग भंगारात काढण्यासाठी ट्रक येऊन उभा राहिला. हे त्या दिवशी दुपारीच घरी आले, पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दीड महिना असाच गेला. मग एका सकाळी म्हणाले, "कानबाई उठली की मी सुरतेला निघतो. तिथं माग चालू आहेत." इतक्या वर्षांच्या कापसाच्या धुळीने त्यांची छाती आधीच खराब झाली होती. पुन्हा त्या धुळीत गेलात तर छाती औषधालाही दाद देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

आमच्या गल्लीत असा फटका बसलेली आणखी पाच-सहा घरं होती. पण या दिवसांत मला सर्वांत जास्त काय लागलं असेल, तर ते म्हणजे गल्लीतली लावलेली दारं. पूर्वी दिवसातून दहा वेळा कुणी विरजण मागायला यायचं, कुणी वाटीभर चटणी घेऊन यायचं. आता नेलेली वाटी रिकामी परत कशी द्यायची, म्हणून कुणी वाटी न्यायलाच येईना. मीही त्यातलीच. शेजारणीचा आवाज ओट्यावर आला की मी आत भांडी वाजवत बसायची. हलाखी आली की माणसं एकमेकांच्या जवळ येतात असं ऐकलं होतं. आमच्याकडे तर सगळे आपापली हलाखी पदराखाली झाकून बसले होते.

कानबाई बसवणार नाही, हा निरोप फोनवर द्यायचा नव्हता. जामनेरला यांचे थोरले चुलतभाऊ आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांचं तिथे किराणा दुकान आहे आणि भाऊबंदकीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना समक्ष सांगावं म्हणून मी सकाळच्या एसटीने निघाले. यांना एवढंच सांगितलं, की आमंत्रण द्यायला जाते. खोटं बोलले. कानबाईची मनातल्या मनात माफी मागितली आणि खिडकीशी बसले.

पारोळा मागे पडलं आणि गाडी बंद पडली. मागून येणाऱ्या गाडीत बसवून देतो म्हणून कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. लोक रस्त्याच्या कडेला पांगले. मी एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसले. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. उपास नव्हता, घासच उतरत नव्हता. पलीकडच्या कपाशीत सात-आठ बाया तण निंदायला आल्या होत्या. दुपार झाली तशा त्या बांधावरच्या निंबाखाली जेवायला बसल्या. त्यांतली एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिने हात केला.

"माय, उन्हामा काय बठनी? आठे ये, पानी पी."

मी गेले. तिने तांब्या पुढे केला. बाया गोल बसल्या होत्या, प्रत्येकीने आपलं फडकं सोडलं होतं. एकीसमोर मात्र फडकंच नव्हतं. ती मान खाली घालून बसली होती. कुणी तिला काही विचारलं नाही, कुणी हळहळलं नाही. एकेकीने आपल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्यासमोर ठेवला. मिरचीचा ठेचा आला, एक कांदा आला. बघता बघता तिच्यापुढे सगळ्यांपेक्षा जास्त झालं. तेव्हा तिने त्यातली चतकोर भाकरी उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. मी नको नको म्हणत होते. म्हातारी म्हणाली, "खाय माय. आज तिना घर चूल पेटनी नही. काल मना घर पेटनी नव्हती, तव्हय तिनी दिन्ही."

काल तिच्या स्वतःच्या घरी चूल पेटली नव्हती तेव्हा या बाईने दिलं होतं, हे ती असं म्हणाली, जसं आपण आज वार कोणता ते सांगतो. तिच्या आवाजात लाज नव्हती आणि उपकारही नव्हता. भाकरी हातात तशीच राहिली आणि मला रडू फुटलं. दीड महिन्यात मी घरात एकदाही रडले नव्हते. त्या अनोळखी बायांमध्ये, त्या बांधावर बसून सगळं बोलून टाकलं. माग, सुरत, यांची छाती आणि कानबाई. एवढ्या माणसांना जेवायला घालण्याची ऐपत राहिली नाही, म्हणून तिला यंदा नको म्हणायला निघाले आहे, हेही सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "कानबाईले तू जेवाडस का माय? ती तुले जेवाडस. तिना रोट बठ्ठासना ऱ्हास, तुना एकलीना नही." रोट सगळ्यांचा, माझ्या एकटीचा नाही.

एवढ्यात मागची गाडी आली आणि कंडक्टर हाका मारू लागला. मी उरलेला घास तोंडात घातला, म्हातारीच्या पाया पडले आणि पळत जाऊन गाडीत चढले. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती कोण होती याचा मी फारसा खल करत नाही. कपाशी निंदणारी एक बाई होती. पण जे मला इतकी वर्षं पूजा करून उमगलं नव्हतं, ते तिच्या तोंडून नेमकं त्याच दिवशी ऐकायला मिळावं, यात मला देवीचा हात दिसतो. कुणाला दिसला नाही तरी माझी तक्रार नाही.

जामनेरला पोहोचले तेव्हा आबा दुकानात होते. अर्ध्या फळ्या रिकाम्या होत्या, हे मी येताच पाहिलं. त्यांनी मला आत घरात बसवलं, आबांच्या पत्नीने, आमच्या अक्कांनी, चहा ठेवला. मी डोक्यावर पदर घेतला आणि मनाचा हिय्या करून म्हणाले, "आबा, कानबाई बसणार. पण यंदा रोटाचे गहू एकट्या आमच्या घरातून निघणार नाहीत. प्रत्येक घराने जमेल तेवढे आणावेत. एक मूठ आणली तरी चालेल."

आबांनी हातातली बशी खाली ठेवली. मला वाटलं, रागावले. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, आम्ही यंदा यायचंच नाही असं ठरवलं होतं. दुकान चालत नाही. पोरांना कपडे नाहीत, तुमच्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं? काय निमित्त सांगावं हेच चार दिवस शोधतो आहे." अक्का चुलीपुढे पाठ करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. आबाच पुढे म्हणाले, "आमच्या लहानपणी घराघरातून मूठ-मूठ आणूनच रोट व्हायचे. पुढे बरे दिवस आले आणि ज्याच्या घरी कानबाई त्याचे गहू, असं आपणच करून टाकलं."

रविवारी सगळे आले. एकही घर मागे राहिलं नाही. कुणी ओंजळभर गहू आणले, कुणी शेर, एकीने डाळ आणली, एका दिराने बांधावरचं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, खांद्यावर टाकून आणलं. सगळे गहू एकाच परातीत पडले आणि कुणाचे कोणते हे कळेनासं झालं. दळण मी एकटीने करायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून जात्यावर बाया आळीपाळीने बसल्या. आरती झाली, जेवायला पंगत बसली आणि बोलता बोलता यांच्या सुरतेचा विषय निघाला. आबांनी हातातला घास तसाच ठेवला.

"मागाच्या मोटारी कोण दुरुस्त करायचं रे तुमच्याकडे?"

"मीच," हे म्हणाले.

"मग विहिरीवरची मोटार वेगळी असते का? आमच्याकडे मोटार जळली की माणूस आठ-आठ दिवस खोळंबतो. माझं अर्धं दुकान रिकामं आहे. तिथे बस. सुरतेला जायचं नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. दीड महिन्यानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. सोमवारी पांझरेवर कानबाईला निरोप दिला आणि त्याच आठवड्यात हत्यारांची पेटी घेऊन ते जामनेरला गेले. पहिले दोन महिने काम कमी, वाट पाहणंच जास्त. पण लोकांना हात ओळखीचा झाला. शनिवारी ते घरी येतात. मिळकत पूर्वीइतकी नाही. खोकला मात्र कमी झाला आहे.

रोट आम्ही भाऊबंदकीबाहेर देत नाही, ती रीत मी मोडली नाही. पण विसर्जन झाल्यावर चौथ्या दिवशी मी गल्लीतली दारं वाजवली. पहिलं दार शेजारणीचं होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे गॅस आहे, पीठ संपत आलंय. तुमच्याकडे पीठ असेल तर एकत्र करू." शेजारीण आत गेली आणि पिठाचा डबाच घेऊन आली. आम्ही चार घरांनी एका ठिकाणी शिजवायला सुरुवात केली. हेवेदावे झाले. कुणाला तिखट चालेना, कुणी पोळ्या मोजल्या, एक जण आठ दिवस रुसून बसली. तरी आम्ही मोडू दिलं नाही. पुढे कॉलेजात शिकायला आलेल्या चार मुलींनी डबा मिळेल का म्हणून विचारलं. आज त्या एका चुलीवर आमच्या चार घरांसोबत मुलींचे डबेही निघतात.

पूर्वी मी देवीपुढे हात जोडायची ते माझं घर सांभाळ म्हणून, आणि घर सांभाळणारी मात्र मीच, अशी मनात पक्की समजूत. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हे मला त्या दिवसांनी शिकवलं. सगळं मीच पेललं पाहिजे हा हट्ट सोडायचा, आणि आपल्या वाट्याची मूठ घेऊन उठायचं. दिवस अजून कठीणच आहेत. आणखी दोन कारखाने बंद पडणार असं ऐकते. पण आता ते ऐकून मी दार लावून घेत नाही.

परवा मागच्या गल्लीतली एक सून आली. उंबऱ्याबाहेर उभी, नजर खाली, हातात काही नाही. मी तिला बोलूच दिलं नाही. म्हटलं, "ये ना आत. कणीक मळून झाली आहे, लाटायला हात कमी पडतोय." ती चपला काढून आत आली आणि पोळपाटाशी बसली.